दौंडातले ट्रम्पेटवाले अंकल

दौंडच्या रेल्वे दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा जॅझ हा शब्द मी ऐकलेलाही नव्हता. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. आमचं गाव कवठे येमाई. घरात गाणं म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीतली भीमगीतं, आणि तीही आईच गायची. आबा, म्हणजे माझे वडील, मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असायचे, पण ओठ मिटून. एके काळी ते पंचक्रोशीत सनई वाजवायचे, हे मला मोठी झाल्यावर चुलतीकडून कळलं. गावात लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जावंच लागायचं, आणि वाजवून झाल्यावर भाकरी लांबूनच हातात पडायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आबांनी ते सगळं एकदमच सोडलं. सनई पुढं कुठं गेली, हे घरात कुणी विचारत नसे.

दवाखान्यातून माझ्या खोलीकडं जाताना रेल्वेचे जुने बंगले लागायचे. एका दुपारी पाळी संपवून परतत होते, तर एका बंगल्यातून लांबलचक सूर आला. दौंडात इंजिनांच्या शिट्ट्या दिवसभर चालायच्या, म्हणून आधी तेच वाटलं. पण शिट्टीला असं वळण नसतं. तो सूर वर चढला, मध्येच थरथरला आणि दमलेल्या माणसासारखा खाली येऊन बसला. मी कुंपणाशी थांबले. व्हरांड्यात उभ्या असलेल्या आंटींनी मला ओळखलं. त्यांच्या भाजलेल्या हाताला मीच पट्टी करायचे. त्यांनी आत बोलावलं.

वाजवणारे त्यांचे यजमान. अँग्लो-इंडियन, मेल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर, साठी ओलांडलेले. खुर्चीत बसून डोळे मिटून ट्रम्पेट वाजवत होते. मी त्यांना पहिल्या दिवसापासून अंकलच म्हटलं. त्यांची भाषा रेल्वेतली हिंदी, मध्ये मध्ये मराठी आणि थोडी इंग्रजी. भिंतीला लागून एक लाकडी कपाट होतं आणि ते ग्रामोफोनच्या तबकड्यांनी भरलेलं होतं. जुन्या, जाड, काळ्या. गाडी घेऊन मुंबईला गेले की तिथं बंदरातल्या खलाशांकडून ते एकेक तबकडी मिळवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असं बरंच काही मिळालं, म्हणत.

पहिल्यांदा त्यांनी जॅझची एक तबकडी लावली तेव्हा मला तो नुसता गोंगाट वाटला. चारजण एकदम बोलतायत आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, असा. अंकलनी माझा चेहरा ओळखला असावा. म्हणाले, सगळ्यांच्या मागं पळू नकोस. आज एकट्या ढोलवाल्याच्या मागं चाल, पुढच्या वेळी पियानोवाल्याच्या. मी तसं केलं. दर रविवारी जाऊ लागले. दोन-तीन महिन्यांनी मला ऐकू यायला लागलं, की आधी सगळे मिळून एक चाल म्हणतात, मग एकेकजण पुढं येऊन तीच चाल आपल्या परीनं सांगतो, आणि तो सांगत असताना बाकीचे त्याला मागून आधार देत राहतात. एकजण रडत रडत सांगायचा, दुसरा थट्टा करत. शेवटी सगळे पुन्हा एकत्र.

हे वाजवणारे अमेरिकेतले काळे लोक, आणि त्यांचे आजे-पणजे बाजारात विकले गेलेले गुलाम होते, हे अंकलनी एकदा बोलता बोलता सांगितलं. मी ती तबकडी पुन्हा लावायला सांगितली. त्या दिवशी चहा तसाच निवला.

त्या वर्षी नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, अंकलच्या बँडचा कार्यक्रम झाला. आंटींनी मला सोबत नेलं. तिथल्या लाकडी फरशीवर पूर्वी इतकी जोडपी नाचायची की दारं उघडी टाकावी लागत, असं त्या वाटेत सांगत होत्या. आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. घरटी कुणी ना कुणी ऑस्ट्रेलियाला गेलेलं. मंचावर तिघंच. पियानोवर रेल्वे शाळेतल्या निवृत्त बाई, बोटं संधिवातानं वाकडी झालेली. ढोलावर एक जुने गार्ड. ते काठ्यांऐवजी तारांचे कुंचे फिरवायचे, सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज यायचा. आणि अंकल, काळ्या कोटात.

मी पुढं पुष्कळ ऐकलं, रेडिओवर ऐकलं, एकदा पुण्यात परदेशी वाजवणारेही ऐकले. पण त्या संध्याकाळसारखं काही नाही. बाईंची बोटं जिथं पोचत नव्हती तिथं त्या सूर सोडून द्यायच्या, आणि ती मोकळी जागाच गोड लागायची. एका संथ चालीत अंकलचा श्वास मध्येच संपला. गार्डसाहेबांनी मान वर केली नाही. नुसता हात जरा सैल सोडला, ताल रेंगाळू दिला आणि अंकलना श्वास घेऊ दिला. तीस वर्षं एकत्र वाजवलेली माणसं ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिघंही एकमेकांकडं बघत होते, आमच्याकडं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गार्डसाहेब मुलाकडं पर्थला गेले. ढोल विकून गेले. नंतर बाई बहिणीकडं बंगळूरला गेल्या. स्टेशनवर निरोप द्यायला अंकल गेले नाहीत. मी रविवारी गेले तर त्यांनी तबकडी लावली होती आणि तिच्याबरोबर एकटेच वाजवत होते.

मग त्यांचे दात गेले. हिरड्या सडल्या होत्या, सगळेच काढावे लागले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा ओठ दातांवर टेकतो. दात गेले की ओठाला आधार राहत नाही. कवळी बसवून त्यांनी प्रयत्न केला, पण नुसती हवा यायची. महिनाभर ते रोज सकाळी बसत. नंतर त्यांनी ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सारली. आंटी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "तू येत जा. ऐकायला कुणी असलं की ते नीट जेवतात."

त्याच सुमारास आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी मी त्यांना दौंडला आणलं. पट्टी सुटायला दीड-दोन महिने होते, तोवर ते माझ्याच खोलीवर होते. एका रविवारी त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मी अंकलकडं घेऊन गेले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्याला पांढरा फेटा, असे आबा त्या वेताच्या खुर्चीत अवघडून बसले. अंकलनी तबकडी लावली. आबा हललेही नाहीत. एक बाजू संपल्यावर त्यांनी हातानंच खूण केली, आणखी लावा म्हणून.

परतताना वाटेत मला म्हणाले, "कोन मान्सं हायेत ही?"

मी जे अंकलकडून ऐकलं होतं ते सांगितलं.

"आन् ह्यांनी बाजा सोडला न्हाई?" आबांनी विचारलं.

"नाही आबा."

"आमी सोडला," एवढंच ते म्हणाले. त्या आवाजात पस्तावा नव्हता आणि अभिमानही नव्हता.

त्यानंतर ते स्वतःहून माझ्याबरोबर येऊ लागले. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळायची. आबा सनई वाजवायचे हे मी अंकलना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं. आबांचा श्वास वाजवणाऱ्याबरोबर थांबतो, वाजवणाऱ्याबरोबर सुटतो, म्हणाले. एकदा त्यांनी आम्हाला सांगितलं, की हे संगीत ज्या गावात जन्मलं तिथं माणूस मेला की बँड वाजवत नेतात. जाताना संथ, येताना जोरात. मग हसून म्हणाले, "हमारे टाइम कौन बजाएगा? सब तो चले गए."

पंधरा दिवसांत अंकल गेले. छातीत कळ आली म्हणून सकाळी दवाखान्यात आणलं, दुपारी संपलं. मी वॉर्डातच होते. आंटी रडल्या नाहीत. त्यांनी अंकलची कवळी मागून घेतली आणि स्वतः त्यांच्या तोंडात बसवली.

संध्याकाळी मी आबांना विचारलं, अंकलना नेताना सनई वाजवाल का म्हणून. सनई कुठूनही मिळाली असती. आंटींनी काही मागितलं नव्हतं, माझ्याच मनात आलं. आबा भिंतीला टेकून बसले होते.

"मयताला वाजवायचं न्हाई, हे ठरवून सोडलंय पोरी," ते म्हणाले. "मानूस लई चांगला व्हता. पर आज ह्यांच्यासाठी वाजवली, तर उद्या गावात न्हाई कोनत्या तोंडानं म्हनू?" मग म्हणाले, "मी येतो मात्र."

दुसऱ्या दिवशी उन्हात ते शवपेटीच्या मागं दफनभूमीपर्यंत चालत आले, डोळ्यावर पट्टी, हातात काठी. आम्ही जेमतेम वीस माणसं होतो. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, माती पडली, आणि झालं. जन्मभर सुरांत राहिलेला माणूस असा मुकाट्यानं गेला. आबांनी मूठभर माती टाकली. खोलीवर परत आल्यावर ते बाजेवर बसून राहिले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हळूहळू उचलली जात होती, परत टेकत होती. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं करून चुलीकडं वळले.

आंटी चार महिन्यांनी मुलाकडं गेल्या. सामान लोकांनी येऊन उचललं. ट्रम्पेट त्यांनी बरोबर नेलं. तबकड्या जड, त्या मला दिल्या. दोन वर्षांनी एका शाळामास्तरांशी माझं लग्न झालं, शिरूरला आले. एसटीच्या टपावरून येताना चार-पाच फुटल्या, बाकीच्या वाचल्या. घरात वाजवायचं यंत्र नव्हतं. बाजारपेठेत लग्नाला स्पीकर भाड्यानं देणारं एक दुकान होतं, त्यांच्याकडं जुनं यंत्र होतं. दुकानदारांना मी मामा म्हणायचे. भर दुपारी गिऱ्हाईक नसताना ते माझी तबकडी लावायचे. पहिल्या वेळी बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं होतं, "ताई, ह्याच्यात गानं कवा सुरू व्हतंय?" मी म्हटलं, हेच गाणं. त्यांनी मान डोलावली आणि आवाज थोडा वाढवला.

दशक सरता सरता कॅसेटी आल्या. मामांनी यंत्र मोडीत काढलं. त्याच वर्षी आंटी वारल्याचं दौंडच्या एका जुन्या सहकारी नर्सकडून कळलं. घरी येऊन मी कपाट उघडलं, तबकड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि ओल्या फडक्यानं पुसल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. यजमान शाळेतून आले, माझ्याकडं बघितलं आणि शेजारी बसून कोरड्या फडक्यानं त्या टिपू लागले.