शेवटच्या बॉनेटवरचं बोट

माझ्याकडं सतरा फ्रेंच गाड्या आहेत. ऐकणारा आधी दचकतो, मग मी तळहात दाखवतो. एवढ्याएवढ्या. खऱ्या गाडीचे त्रेचाळीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी लांबी. ओतीव धातूच्या, आत सीटा, पुढं काडेपेटीच्या गुलासारखे दिवे. सगळ्या जुन्या काळातल्या आणि घरच्या वापराच्या. शर्यतीची एक नाही. मी सातवी पास. फ्रान्स नकाशात धड दाखवता यायचा नाही, पण तिकडची माणसं साठ-सत्तर वर्षांपूर्वी बायकापोरांना घेऊन कशात फिरायची ते मला विचारा.

हे खूळ चाकणला लागलं. तिथल्या एका गाड्यांच्या कंपनीत मी पेंट शॉपला होतो. आधी रंगाची गन मारायचो, गुडघे गेल्यावर तपासणीवर बसवलं. रंगलेली बॉडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून येते, तिच्यावर नजर फिरवायची, तळवा फिरवायचा, कणी लागली की खुणेचा गोल मारायचा आणि परत पाठवायची. नवी लाइन बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. जाताना त्यानं मला एक छोटी गाडी दिली, करडी, कापडी टपाची, आणि हातवारे करून सांगितलं की त्याचे आईबाप, चार पोरं आणि कुत्रं एवढे सगळे असल्या गाडीतून समुद्रावर जायचे.

घरी आणली. बायकोनं डोळ्याजवळ धरून आत बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर कोण कुठं बसणार. आमच्याकडं जन्मभर स्कूटर. तिनं लगेच ठरवून टाकलं: तुम्ही चालवा, पुढं सासूबाई, त्यांना मागं बसलं की मळमळतं, मागं मी आणि पोरं. पोरं तेव्हा लग्नाची झाली होती आणि सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला, जाऊन सहा वर्षं. तरी तिनं सगळ्यांना बसवलं.

मग गाड्या येतच गेल्या. काही मुलानं फोनवरून मागवल्या, काही येणाऱ्याजाणाऱ्या इंजिनिअर लोकांनी आणल्या. प्रत्येक गाडीत ती आधी माणसं बसवायची, मगच मला कपाटात ठेवू द्यायची. नाक जमिनीला टेकलेल्या एका लांबड्या गाडीला ती मंडूक म्हणायची. मंडुकात माहेरची माणसं.

आमचं भांडण व्हायचं ते दसऱ्याला. कंपनीत आम्ही खंडेनवमीला गनला, कॉम्प्रेसरला, कन्व्हेअरला हळदकुंकू लावायचो, झेंडू बांधायचो. ते तिनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, मग ह्यांनी काय पाप केलंय. झालं. दर दसऱ्याला सगळ्या गाड्या पाटावर, ओली हळद, त्यावर ओलं कुंकू, बोट बुडवलं की टेकवलं. बोट केवढं, बॉनेट केवढं! अर्धं बॉनेट झाकायचं. मी तिला काडीला कापूस गुंडाळून दिला. तिनं तो माझ्याच कानाजवळ धरला आणि म्हणाली,

"हा इथं घाला. देवाचं काम बोटानं होतं."

दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचो. हळद रंगात शिरते, पांढऱ्यावर तर पिवळा डाग बसतो. तिला माहीत होतं. ती लावणार, मी पुसणार, असं बरीच वर्षं चाललं. राग कुणालाच आला नाही.

गेल्या दसऱ्याला तिला उठवत नव्हतं. मी एकेक गाडी पलंगाजवळ नेली, तिनं उशीला टेकून लावलं. हात कापत होता, म्हणून काही बोटं काचेवर गेली. त्यानंतर दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पुसायचं राहिलं. थंडीत ती गेली.

सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका माझ्यासमोर म्हणाल्या. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

तेव्हापासून मला बसवत नाही. आकुर्डीतल्या आमच्या घराला चार खोल्या. ह्या खोलीतून त्या खोलीत जातो, तिथं कशाला आलो ते आठवत नाही, परत फिरतो. टीव्ही लावतो, बंद करतो. स्टेशनपर्यंत चालत जातो आणि गाडीत न बसता परत येतो. घरात हाताला काम लागतं म्हणून नळाचे वायसर बदलले, चांगले होते तरी. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग एका दुपारी कपाट उघडलं.

मी काय करत होतो ते मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. कळत होतं. बॉनेटवर डाग होते आणि मी डाग काढत होतो. आठ-नऊ महिने वाळलेली हळद पाण्यानं निघत नव्हती, म्हणून पॉलिश घेतलं, कोपऱ्यांना थिनरचा बोळा लावला. हात आपोआप चालत होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. एक झाली की दुसरी. सोळा झाल्या. सतरावी, ती करडी, कापडी टपाची, हातात घेणार एवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिनं टेबलावरचे पिवळे-लाल बोळे बघितले. कप ठेवला नाही, तसाच धरून उभी राहिली.

"बाबा, आईंचं कुंकू पुसलंत?"

एवढंच म्हणाली. रागानं नाही. मी म्हणालो, दरवर्षी पुसतो. तोंडातून निघालं आणि मग डोक्यात शिरलं की आता कोण लावणार.

करडीच्या बॉनेटवर मात्र बोट होतं. जरा तिरकं, एका बाजूला दाबलेलं. हळदीचा कडेचा भाग सुटायला आला होता, कुंकवाची भुकटी होत होती. फुंकर मारली असती तरी गेलं असतं. ते राहिलं पाहिजे, एवढं एकच मला त्या दिवसापासून कळत होतं, बाकी काही सुचत नव्हतं.

रंगवाल्याला उपाय एकच येतो. वरून क्लिअर मारायचा. क्लिअर म्हणजे रंगावरचा शेवटचा, काचेसारखा पारदर्शक थर. त्याच्याखाली जे जातं ते कायमचं. माझा जुना जोडीदार, आम्ही एकाच बूथमध्ये वीस वर्षं गन मारली, त्याचं आता चिखलीत डेंटिंग-पेंटिंगचं छोटं शेड आहे. मी स्टीलच्या डब्यात कापूस घातला, चाकं चिकटपट्टीनं खाली बसवली आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला सांगितलं, हळू चल. तो म्हणाला, काका, अंडी आहेत का? मी म्हणालो, हो.

जोडीदारानं डबा उघडून बघितलं, श्वास रोखून. त्याला काही सांगावं लागलं नाही, दसऱ्याच्या भांडणाच्या गोष्टी तो लाइनवर दरवर्षी ऐकायचा. म्हणाला, आधी पत्र्यावर बघू. निघताना सूनबाईनं नमुन्याला लागेल म्हणून पुडीत हळदकुंकू दिलंच होतं. एका तुकड्यावर ओलं करून लावलं, हीटरसमोर खडखडीत वाळवलं. त्यानं गन धरली. नुसत्या हवेनंच वरचं कुंकू उडालं. दुसऱ्या तुकड्यावर हवा कमी केली, लांबून धूर मारल्यासारखा क्लिअर मारला. उडालं नाही, पण क्लिअरमधल्या थिनरनं हळद सुटली आणि पाण्यात शाई पडावी तशी पसरली. बोटाचा आकारच गेला. पिवळा-गुलाबी ओघळ. तिसऱ्या तुकड्यावर मी स्वतः मारला. तेच.

मी म्हणालो, गाडीवरचं जुनं आहे, मुरलेलं आहे, ते नाही पसरायचं. मार तू.

"न्हाई मारनार राव."

"मग गन दे इकडं."

त्यानं गन पाठीमागं धरली. सत्तरीचा माणूस, पोरासारखा.

"तुझे हात बघ आधी. आन माझ्या हातनं वैनींचं बोट गेलं तर मी तुला तोंड कुठल्या गावात दाखवू?"

मी त्याला दोन शिव्या दिल्या. एक आईवरून. त्यानं कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं, डबा झाकला, आणि आपल्या पोटाशी धरून मला रिक्षात बसवेपर्यंत सोडला नाही. मग आत वाकून म्हणाला, घरी नेऊन ठेव, आणि ठेवल्यावर काही करू नको. तुला जमायचं नाही, पण करू नको.

घरी आणली. सूनबाईनं चिकटपट्टी सोडवून गाडी कपाटात ठेवली, मला जवळ येऊ दिलं नाही. मुलानं काचेची पेटी आणायची म्हटलं, मी नको म्हणालो. पेटीत घालायची तर परत उचलावी लागेल. कपाटातला वरचा कप्पा तिला एकटीला दिला. भांडीवाल्या बाईंना त्या कप्प्याला फडकं लावू नका म्हणून सांगितलंय. बाकीच्या सोळा खाली, लखलखीत. त्यांच्याकडं बघवत नाही.

समोर नव्या इमारतीचं काम चालू आहे. खिडकी लावली तरी सिमेंटची बारीक भुकटी घरात येते. करडीच्या टपावर साय धरल्यासारखी बसली आहे, बॉनेटवरही. बोटाचा लाल रंग तिच्याखाली फिका दिसतो. तोंड जवळ नेऊन बघतो तेव्हा नाक रुमालानं दाबून धरतो, श्वास लागू नये म्हणून. जाईलच ते कधीतरी, मला कळतं. आज सकाळपासून चारदा कपाटापाशी जाऊन आलो. आत्ता हे लिहितानाही हात शिवशिवतायत. चपला घालतो आणि खाली एक चक्कर मारून येतो.