नवऱ्याची सही

धाकटी बहीण डोळखांबच्या वरच्या अंगाला दिली होती. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ती शहापूरला आमच्याकडे आली तेव्हा कडेवरचं पोर अजून अंगावर पीत होतं, आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. मागच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की ती धड उभी राहीपर्यंत पावसाळा सरला.

‘हे नको, दादा,’ ती म्हणाली. मला पटलं. मी तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो.

टेबलामागच्या बाई म्हणाल्या, ‘नवऱ्याची सही आणा.’

नवरा भात झोडून वीटभट्टीवर गेला होता. भिवंडीकडे की वसईकडे, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. आमच्याकडे भट्टीवर गेलेला माणूस शिमग्यालाच दिसतो.

पायरीवर बसून ती म्हणाली, ‘तूच कर ना. त्यांचं नाव लिव. इथं कोन वळखतंय?’

‘खोटी सही?’ मी भातसा धरणावर पाण्याची पातळी नोंदवायचो. दुसऱ्याने घेतलेल्या मापाखाली मी कधी सही केली नव्हती.

‘धरन नाय फुटनार तुझ्या सहीनं.’

मी हसलो. कायद्याचं काम कायद्यानेच व्हावं, असं तिला समजावत घरी आणलं.

शिमग्याला मेव्हणा आला. सगळं ऐकून म्हणाला, ‘चला, कुठं करायची सही?’ पण तोवर महिने भरपूर झाले होते, दवाखान्याने नकार दिला. भातलावणीत मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. बारशाआधीच गेली.

पुढे मेव्हण्याला मुरबाडच्या कारखान्यात काम लागलं आणि ती मंडळी तिथे राहायला गेली. दोन हजार सालानंतरचा एक रविवार, मी त्यांच्याकडे गेलो होतो. बहीण वालाच्या शेंगा सोलत होती आणि मी पेपर वाचून दाखवत होतो. देशोदेशींचे गर्भपाताचे कायदे आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू यांची तुलना आली होती. कायदा कडक असलेल्या काही देशांत मुलं जास्त दगावत होती. मी मेव्हण्याला सांगत होतो, सगळं कायद्यावर ढकलू नका. गरिबी, दवाखान्यांची अंतरं, बायकांच्या अंगातलं रक्त, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. आपला कायदा त्यामानाने चांगला, असं म्हणून मी पुढची ओळ वाचली: आपल्याकडे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही.

बहिणीचा हात थांबला. ‘परत वाच.’

वाचली.

‘तवा बी असंच व्हतं?’

‘होतं.’ पेपर तोंडासमोरून खाली घ्यायचा मला धीर होईना. तिथे न लागणाऱ्या सहीचा खरेपणा मी जपला होता. बाईंना ‘कुठल्या नियमाने?’ एवढंही विचारलं नव्हतं. आकडे तपासायची सवय असून मी नियम मात्र न तपासता मानला.

मेव्हणा उठून बाहेर गेला.

‘आपल्या देशाचा आकडा हाय ना तिथं?’ तिने विचारलं. ‘त्यात माझी पोर हाय?’

तो आकडा अलीकडचा होता. आणि ती पोर तर कुठल्याच आकड्यात नव्हती. बारशाआधी गेलेल्या मुलीची नोंद करायला आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं, मीही नाही.

‘हाय,’ मी म्हणालो.



‘आता जमतं रे तुला खोटं,’ ती म्हणाली, आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.