पाचवं अक्षर

गणिताच्या तासाला मी मुलांच्या मागे एकच टुमणं लावून असते: उत्तर आलं म्हणून खूश होऊ नका, ताळा करून पाहा. वीसेक वर्षं हे चालू आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आता आपापल्या लेकरांना तेच सांगतात म्हणे. आणि मी स्वतः काय केलं? माझ्या पॅन कार्डावरचा दहा खुणांचा नंबर आयुष्यात एकदाही नीट वाचला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात आयकर खात्याचं पत्र मोबाइलवर आलं. वर्षभर पगारातून कापलेला कर मी विवरणपत्रात दाखवला होता, आणि खातं म्हणत होतं की तुमच्या नंबरावर असा कर आमच्याकडे जमाच नाही. सगळी रक्कम व्याजासकट भरा, नाहीतर तीस दिवसांत खुलासा करा. शिक्षकांच्या खोलीत बसून ते पत्र मी तीनदा वाचलं. कुणाचे चार आणे कधी बुडवले नाहीत, आणि सरकार मला करबुडवी म्हणत होतं. राग नंतर आला, आधी भीतीच वाटली.

अंबड तालुक्यातल्या आमच्या खासगी शाळेचे क्लार्क गेल्याच वर्षी आले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कामाला वाघ, मला ताई म्हणणारे. आल्याआल्या त्यांनी सगळ्यांच्या पगाराच्या नोंदी कॉम्प्युटरवर नव्याने भरल्या होत्या. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझा फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, काढला, माझं पॅन कार्ड मागितलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. नऊ खुणा जुळल्या. पाचव्या जागी कार्डावर के होता आणि शाळेच्या कागदावर डी. त्या फॉर्मवर जूनमध्ये मीच पोच म्हणून सही केली होती, न वाचता.

मला वाटलं, टाइप करताना चुकलं असेल. पण गृहस्थ ओशाळले नाहीत, उलट खुलले. पॅनमधलं पाचवं अक्षर माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं, हे त्यांना कुठल्याशा प्रशिक्षणात कळलं होतं. मग त्यांनी सगळ्या शिक्षकांचे नंबर एकेक करून तपासले. सगळे बरोबर निघाले, माझा सोडून. बाकीच्या दोघी बाया लग्नानंतर नोकरीला लागलेल्या, त्यांची कार्डंही तेव्हाचीच. माझं सासरचं आडनाव डीपासून सुरू होतं, आणि नंबरात हा के कुठून आला ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी आपल्या हातानं तो सुधारला.

"लग्न झालं की बाईचं समदंच बदलतं, ताई," ते म्हणाले. "मंग नंबर तेवढा कसा तोच राह्यल?"

ते काही खोटं नव्हतं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. माझं आडनाव तर गेलंच, पाळण्यातलं नावही त्या ताटात गेलं. रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचं हजेरीपुस्तक, सगळीकडे मी नवी झाले. पॅन कार्डसुद्धा रीतसर कागद जोडून नव्या नावाचं करून घेतलं होतं. तेव्हा नाव बदललेलं पाहिलं आणि कार्ड कपाटात टाकलं. खालचा नंबर पाहायला कुणाला सवड होती? मला क्लार्कचं म्हणणं पटलं. घरी नवऱ्यालाही पटलं.

दुसऱ्या दिवशी क्लार्क उपाय घेऊन आले. सासरच्या आडनावाचा नवा नंबर काढायचा आणि जुना सोडून द्यायचा. अर्ज त्यांनी स्वतः भरून आणला होता, फक्त सही बाकी होती. मी पेनचं टोपण काढलं. पण इतकी वर्षं लोकांच्या पोरांना छळणारं ते ताळ्याचं टुमणं ऐन वेळी माझ्याच कानाशी आलं. म्हटलं, शनिवारी जालन्यात कुणाला तरी विचारते, मग सही करते.

झेरॉक्सच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून मी कर सल्लागाराकडे गेले. तिशीची मुलगी, डोक्यावर ओढणी, बोलण्यात अर्धी उर्दू. तिनं पत्र वाचलं, अर्ज वाचला, कार्ड पाहिलं आणि शाळेच्या कागदावरचा डीवाला नंबर कॉम्प्युटरवर टाकला. मग परत एकदा टाकला.

"मॅडम, या नंबरचं कोणी न्हाईच देशात," ती म्हणाली.

म्हणजे वर्षभर माझा कर अशा एका बाईच्या नावानं जात होता जी जन्मालाच आली नव्हती. पुरती सासरची, माहेर नसलेली बाई. तशी बाई नसतेच, हे त्या यंत्राला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

मग तिनं केवाला नंबर टाकला आणि माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला. माझं सासरचं नाव समोर आलं, पूर्ण, बिनचूक. तिनं खाली खाली नेत मागची वर्षं दाखवली. ज्या वर्षी बाळंतपणाची रजा घेतली ते वर्ष, ज्या वर्षी पगार चार महिने रखडला ते वर्ष, सगळी एकाखाली एक त्याच नंबरावर उभी होती. सगळ्यात वर गेल्या सालाची जागा तेवढी रिकामी.

"तुमचा नंबर बिलकुल बराबर हाय," ती म्हणाली. "तो निघाला तेव्हा जे आडनाव होतं, त्याचा पहिला हर्फ, अक्षर, त्यात बसला. आता नाव शंभर वेळा बदला. नंबर मरेपर्यंत तोच."

सही केली असती तर माझ्याकडे दोन नंबर झाले असते, आणि त्याला वेगळा दंड असतो, हेही तिनं सांगितलं. शाळेनं दुरुस्तीचं विवरण भरलं की काम होईल. भरलेला अर्ज तिनं माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकला. मी मात्र हातातल्या कार्डाकडे पाहत राहिले. एवढ्या मोठ्या देशात, कोण कुठली मी, आणि माझ्या माहेरचं अक्षर कुणी न मागता, कुणी न भांडता जपून ठेवलेलं. जवळच्या माणसांनीही जे ठेवलं नव्हतं ते सरकारी कागदानं ठेवलं. सरकारबद्दल असं काही वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तो नंबर निघाला कसा, ते परतीच्या एसटीत आठवलं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझ्या वडिलांचं, दादांचं, पंक्चरचं दुकान होतं. दादा दुसरी शिकलेले. लोक ट्यूबा ठेवून बाजाराला जात. कुणाची कुठली ते कळावं म्हणून दादा प्रत्येकीवर खडूनं मालकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर काढत. मला नोकरी लागली तेव्हा ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर जालन्याला पॅनचा अर्ज भरायला आले होते. हाताला काळं लागलेलं, म्हणून नळावर दोनदा साबणानं हात धुतले आणि तरीही अर्ज फक्त कोपऱ्याला धरला. त्यांचं स्वतःचं पॅन कधी निघालंच नाही, लागलंच नाही.

दुरुस्तीचं विवरण भरल्यावर काही आठवड्यांनी रिकामी जागा भरली आणि खात्यानं मागणी मागे घेतली. क्लार्क दोन दिवस माझ्यासमोर मान खाली घालून वावरत होते. तिसऱ्या दिवशी जवळ आले आणि हळूच म्हणाले की घरी बायकोचं कार्ड तपासलं, तिच्याही नंबरात माहेरचंच अक्षर निघालं. माझा उरलासुरला राग तिथंच संपला.

पुढच्या रविवारी मी वडीगोद्रीला गेले. दुकान आता चुलतभाऊ चालवतो. दादा बाहेर बाजेवर बसलेले असतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या टायरांना नावं ठेवत. मी त्यांना सगळं सांगितलं. विवरण, मागणी यातलं काही त्यांना कळलं नाही, आणि ते विचारत बसले नाहीत. कार्ड मात्र हातात घेण्याआधी त्यांनी पंजा धोतराला पुसला. मी पाचव्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हे आपल्या आडनावाचं अक्षर हाय, दादा. इंग्रजीत."

"तुझ्या कार्डावर?"

"व्हय. आणि ते मी मरेपर्यंत बदलत न्हाई."

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. हायवेवरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या.

"ताटात तुझं नाव लिव्हत होते तवा म्या समोरच हुभा होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलं अक्षर पुसलं."

मग त्यांनी चुलतभावाकडून खडू मागून घेतला आणि मला म्हणाले, ते इंग्रजीतलं अक्षर फरशीवर मोठं काढून दाखव. मी काढलं. त्याच्या खाली त्यांनी सावकाश ते गिरवलं, तीनदा, तिसऱ्यांदा जमेपर्यंत.