निळ्या पाण्याचं विरजण

माहेरच्या गावी इंदूबाईच्या माणसांना विहिरीला हात लावायची बंदी होती. घागर खाली ठेवायची आणि कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेल तोवर उभं राहायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि तसं उभं राहणं तिनं कायमचं सोडलं. पुढे नवरा राजूरच्या कोळसाखाणीत वारला. बासष्ट साली यवतमाळच्या एका कॉलेजात बरण्या घासायची हंगामी नोकरी मिळाली. बाई राखेनं अशा घासायची की काच दिसेनाशी व्हावी.

तिथल्या मारोतराव सरांना एक वेड लागलं होतं. तांब्याच्या खाणीवर फेकून दिलेला, पिठासारखा बारीक गाळ त्यांनी पोत्यांनी मागवला होता. राजूरच्या खाणीत आंबट, तांबूस पाणी साचतं. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जंतू या गाळातलं उरलंसुरलं तांबं पाण्यात सोडतील, असं सरांचं म्हणणं. बाकीचे प्राध्यापक तोंड लपवून हसत. इंदूबाई हसली नाही. त्या पाण्यानं नवऱ्याच्या लोखंडी बादलीची चाळणी झालेली तिनं पाहिली होती.

तीनदा त्या पाण्यात गाळ भिजवला, दोन-दोन महिने वाट पाहिली, पण हाती काही लागलं नाही. तिसऱ्या खेपेला एका बरणीत निळसर झाक आली, एवढंच. सर वैतागून म्हणाले, "सगळं ओता, बरण्या घासा. पुन्हा पहिल्यापासून करू." आता शेवटचं पोतं उरलं होतं. तेही फसलं तर खोली बंद, आणि इंदूबाई घरी.

मोरीपाशी तिचा हात अडला. घरी दह्याचं भांडं धुण्याआधी चमचाभर विरजण ती काढून ठेवतेच. एवढी शिकलेली माणसं, आणि दर खेपेला विरजणच मोरीत सोडतात म्हणजे काय. तिनं ते निळसर पाणी औषधाच्या शिशीत भरलं आणि नव्या चार बरण्यांपैकी एकीत गुपचूप घातलं.

मग रोज सकाळी झाडू हातात घेण्याआधी ती बरणी बघायची. तीन आठवड्यांत पाणी मोरपंखी झालं. बाकीच्या तिन्ही गढूळच. सरांनी धावत जाऊन लोखंडी खिळा बुडवला. थोड्या वेळानं वर काढला, तर त्यावर तांबं चढलेलं. बाकीचे प्राध्यापकही धावत आले, खोलीत एकच गलका झाला. इंदूबाईला नाचावंसं वाटत होतं आणि नोकरी जायची भीतीही.

"पण या एकाच बरणीत कसं काय?" सर म्हणाले.

"सायेब, म्या तुमचं आयकलं नाई. जुनं पाणी ठेवलंतं. विरजणाबगर दही लागते का?"

सर मटकन स्टुलावर बसले आणि पोट धरून हसू लागले. "म्हणजे गाळाला सरावलेले जंतू मीच दर खेपेला राखेनं मारून राह्यलो होतो." त्यांनी निळी बरणी उचलून तिच्या हातात दिली. "बाकीच्यांत आता तुम्हीच घाला, इंदूबाई."

तिनं पदर खोचला. आधी तोंड लपवून हसणारे प्राध्यापक एकेक बरणी धरून तिच्यासमोर उभे राहिले, आणि इंदूबाई वरून पाणी ओतू लागली.