लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही

म्हापशाच्या डॉक्टरांनी बाबांना रोज सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं, तेव्हा त्यांना आमच्या गावाची कल्पना नसावी. पेडण्याच्या बाजूला खेड्यातला माणूस कामाशिवाय रस्त्याने चालत नाही. चाललाच, तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं सगळे धरून चालतात आणि त्याला मुळी चालूच देत नाहीत.

गोव्याला राज्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. बाबा पेडण्यात सरकारी कचेरीत कारकून. कोकणी की मराठी, हा वाद राजभाषेचा कायदा होऊनही तिथे चहाच्या वेळी रोज चाले. बाबा मराठीच्या बाजूने तावातावाने भांडत, आणि भांडत मात्र कोकणीत. एकदा असंच भांडताना त्यांच्या छातीत कळ आली, अंगाला घाम सुटला. भज्यांचं पित्त झालं म्हणून मित्रांनी सोडा-लिंबू पाजलं आणि आणखी एक चहा मागवला. तिसऱ्या वेळी कळ डाव्या हातात उतरली तेव्हा मी हट्टाने त्यांना म्हापशाला नेलं. आई घरी होती, म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हा दोघांनाच कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला रक्त कमी पडतंय. मुंबईला जाऊन अँजिओग्राफी करा, महिन्याच्या आत. तोवर या गोळ्या, सिगरेट आजच्या आज बंद, मीठ आणि तळलेलं बंद, सपाट रस्त्यावर सावकाश चालायचं. दुखलं तर ही बारकी गोळी जिभेखाली ठेवायची. बाबांनी मान हलवली. बाहेर येऊन बसस्टँडवर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आवयक सांगूं नाका गो बाय. तुजें लग्न जांवदी, मागीर पळोवंया." म्हणजे लग्न होईपर्यंत आईलासुद्धा कळू द्यायचं नव्हतं.

माझा साखरपुडा त्याच्या आदल्याच महिन्यात झाला होता. डिचोली तालुक्यात, पाळीला. मुलगा खाणीवर नोकरीला, सासरचं घर चांगलं. आणि आमच्याच वाड्यावर एकीचं ठरलेलं लग्न बापाच्या मधुमेहावरून मोडलं होतं. मधुमेहावरून! मग काळजाच्या दुखण्याचं नाव काढलं असतं तर? घराण्यात दोष आहे, उद्या मुलीलाही होईल, म्हातारा गेला तर आई आपल्या गळ्यात पडेल, हे सगळं न बोलता बोललं गेलं असतं. लग्न फेब्रुवारीत होतं. चार महिने तोंडाला कुलूप लावायचं, बस्स, असं आम्ही ठरवलं. चार महिने म्हणजे काय, असे निघून जातील, असं बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चालायला निघाले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून हातात पिशवी घेतली. शंभर पावलं गेले नसतील, तोच मागून मोटरसायकल थांबली. "खंय चल्ल्यात भाऊ? बसा, सोडतां." नको म्हटलं तर कारण द्यायला हवं, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. बाबा बसले. त्याने थेट बाजारात नेऊन सोडलं. येताना दुसऱ्याने आणलं. रोज हेच! आठ दिवसांत गावाने ठरवून टाकलं की भाऊंची स्कूटर बिघडली आहे. मेकॅनिक स्वतःहून घरी आला, आमची धडधाकट स्कूटर त्याने अंगणात खोलून ठेवली आणि "पैशे नाकात, शेजारधर्म" म्हणून गेला. मी हसले. आज त्या हसण्याचा मला राग येतो. एकही धड माणूस त्या रस्त्यावर भेटला नाही, जो म्हणाला असता, चालतात तर चालू दे त्यांना.

आणि घरात आई. तिला आम्ही सांगितलं होतं, पित्त आहे, मीठ कमी घाल. आठवडाभर तिने घातलं कमी. मग बाबा जेवेनात, ताटातला भात तसाच राहू लागला, तर तिचा जीव खालीवर. पित्तच ना मेलं, त्यासाठी माणसाला उपाशी ठेवायचं का? तिने खारे बांगडे भाजले, सुक्या कोळंबीचं किसमूर केलं, वर तळलेली मिरची. लग्नाच्या नेवऱ्या, खाजं तळायला घेतलं तसं चव बघायला पहिला घास बाबांना. तिचं प्रेम होतं ते. मी समोर बसून बघत होते आणि "आई, थांब" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते.

सिगरेट त्यांनी सोडली, ते खोटं नाही. पण ते बदलत चालले होते. तोंड राखेसारखं दिसायचं. पायरी चढताना बोलणं मध्येच तोडत आणि वर आल्यावर पुढचं वाक्य पुरं करत. रात्री दोन उशा घेऊ लागले. आई म्हणे, लग्नाची दगदग. जो तो हेच म्हणे. मुलीच्या बापाची दगदग म्हटलं की गावात सगळी दुखणी झाकली जातात.

जानेवारीत एका संध्याकाळी मी म्हापशाहून साड्या घेऊन बसमधून उतरले, तर बाबा रस्त्यालगतच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले. समोर मोकळ्या शेताकडे बघत होते. जवळ गेले तेव्हा कळलं, गोळी जिभेखाली होती. मी शेजारी बसले. मग मी म्हटलं, "बाबा, लग्न पुढे ढकलूया." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मला तो मुलगा आवडला होता. दोनदाच भेटलो होतो, दोन्ही वेळा त्याने मला हसवलं होतं. मी एकदा विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, माझं कर्तव्य झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि साड्यांची पिशवी उचलली. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबलीच. बाबा बसून गेले, मी मागून चालत घरी आले.

लग्न थाटात झालं. बाबा दिवसभर उभे. कन्यादानाच्या वेळी त्यांच्या हातातून माझ्या हातावर पाणी पडत होतं, त्यात त्यांच्या कपाळाचा घामही गळत होता. भटजी म्हणाले, होमाचा धूर लागतोय. लग्नाच्या फोटोंत अजून दिसतं, जवळजवळ प्रत्येक फोटोत बाबांनी डावा दंड दाबून धरलाय.

पाळीला आले. दारावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, खिडकी उघडली की उशीसुद्धा तांबडी. नवव्या-दहाव्या दिवशी सासऱ्यांना चहा द्यायला गेले, तर ते पाठ करून उभे होते आणि पानाच्या डब्यातून काहीतरी काढून जिभेखाली ठेवत होते. ती बारकी पांढरी गोळी मला लांबूनही कळली असती.

मी बघितलं हे त्यांनी पाहिलं. ओशाळून म्हणाले, "बाय, तुज्या घरा सांगूं नाका हां. साखरपुड्याआदींच डॉक्टरान सांगिल्लें. लग्न मोडत म्हूण आमी वोगी रावले."

म्हणजे लग्न मोडेल म्हणून तेही गप्प राहिले होते. मी कपबशी खाली ठेवली आणि हसायला लागले. हसू थांबेना, आणि ते रडणं कधी झालं तेही कळेना. सासूबाई धावत आल्या. तिथेच, त्या दोघांच्या समोर मी सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी पानाचा डबा बंद केला. "देवा रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जीप घेऊन माझ्याबरोबर पेडण्याला आले. दोन्ही व्याही आमच्या ओसरीवर समोरासमोर बसले, चोरी पकडलेल्या पोरांसारखे खाली बघत. आईने स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी उचलली आणि परसात नेऊन रिकामी केली. आठवड्यात आम्ही दोघांनाही घेऊन मुंबईला गेलो.

सासऱ्यांची बायपास झाली. त्यानंतर ते वीस वर्षं जगले, नातवंडं खेळवली, रोज सकाळी चालायला जायचे. पाळीत सगळ्यांना ठाऊक होतं त्यांना का चालायचंय ते, म्हणून कुणी थांबवत नसे. मी त्यांची सेवा केली, मनापासून केली. पण कधीकधी त्यांच्या छातीवरचा तो लांब व्रण दिसला की मला त्यांचा असा राग यायचा, की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

बाबा त्या वर्षीच्या गणेश चवथीपर्यंत राहिले नाहीत. पण त्यांच्या मरणापेक्षा मला मुंबईची ती खोली जास्त आठवते. तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर मराठीच होते, वयाने बाबांएवढे. म्हणाले, मध्यंतरी एक झटका येऊन गेलाय, तुम्ही अंगावर काढलात. हृदयाचा मोठा भाग निकामी झालाय. आता ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर जितकं जमेल तितकं. मग त्यांनी म्हापशाचा जुना कागद हातात घेतला, त्यावरची तारीख बघितली आणि त्यांचा आवाज चढला. "ऑक्टोबरात तुम्हाला सांगितलं होतं! तेव्हा आला असतात तर सरळ काम होतं. चार महिने काय करत होता तुम्ही?"

बाबा जरा सावरून बसले. बोलताना त्यांच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

"घरात शुभकार्य होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. माझ्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता, एकही बांगडी अजून वाढवली नव्हती. त्यांनी तो बघितला आणि म्हापशाचा कागद घडी करून ठेवला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.