पाटीवरची मोकळी ओळ

त्या चार मजली दगडी इमारतीत शिरलं की समोरच पुरुषभर उंचीची सागवानी पाटी होती. कोणत्या खोलीत कोण बसतं ते तिच्यावर लिहिलेलं. एकेचाळीस वर्षं ती पाटी पेंटरनं लिहिली. त्यालाही खरं नाव होतं, पण ते बायकोलासुद्धा आठवावं लागलं असतं.

इमारत बांधली कापडवाल्यांनी. मधोमध छतापर्यंत मोकळा चौक, वर काच आणि कापडाच्या गाठी वर चढवायला तुळईला लोखंडी आकडे. तो धंदा बसला तसे विमेवाले आले, त्यांनी लाकडी फळ्या ठोकून एकेका हॉलच्या चार-चार खोल्या केल्या. मग वकील, दलाल, टायपिंगचे क्लास, शेवटी कुरियरवाले. तिसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर होता, त्याचे पेशंट वरचे आकडे बघून अर्ध्या जिन्यातून परत फिरायचे. कोणी गेलं की पेंटर त्याचं नाव पात्यानं लाकडापर्यंत खरवडायचा आणि तिथंच नवं लिहायचा.

या कामाच्या बदल्यात जुन्या मालकानं त्याला जिन्याखालची खोली तोंडी दिली होती. आत जाताना मान वाकवावी लागे, पण अख्खा संसार तिथं झाला. पाटीची सगळ्यात खालची ओळ मोकळी होती. तिथं आपलं नाव लिहा, असं बायको वर्षानुवर्षं सांगत आली आणि तो ते हसण्यावारी नेत आला. भाडं भरणाऱ्यांच्या रांगेत फुकट राहणाऱ्याचं नाव कशाला? खरं म्हणजे त्याला लाज वाटायची.

मग इमारत विकली गेली. तिचं हॉटेल होणार होतं. दगड, जिना आणि पाटी ठेवायची, बाकी आतलं सगळं काढायचं. जुन्या मालकाचे कागद वाळवीनं फस्त केले होते, म्हणून पाटीच पुरावा धरायची ठरली. पाटीवर ज्याचं नाव, त्याला मागच्या गल्लीत पर्यायी जागा. सोमवारी आर्किटेक्ट बाई येऊन नावं उतरवून घेणार होत्या.

रविवारी दुपारी इमारत बंद असताना पेंटर पाटीपुढे मांडी घालून बसला. बैल गेला आणि झोपा केला, पण केला एकदाचा. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं नाव रंगवलं. वळण तेच, जुनं. वरून चहाचं पाणी फिरवलं, जिन्यातली धूळ बोटानं चोळली. बायको मागे उभी राहून बघत होती.

"शोभतंय की," ती म्हणाली.

सोमवारी बाई आल्या. गोड बोलणाऱ्या, कामाला पक्क्या. त्यांनी अक्षरांचं इतकं कौतुक केलं की पेंटरचा ऊर भरून आला. फोटोआधी पाटी स्वच्छ करते म्हणत त्यांनी बाटली उघडली आणि कापसाचा बोळा भिजवला.

टर्पेंटाइन. पेंटरनं वासावरूनच ओळखलं. मुरलेला रंग टर्पेंटाइनला दाद देत नाही आणि एका दिवसाचा टिकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? थांबवावं तर कारण काय सांगणार? बाई वरून एकेक ओळ पुसत आल्या. वकील उजळले, दलाल उजळले, डॉक्टर उजळला. खालच्या ओळीवर बोळा काळा झाला.

बाईंनी बोळ्याकडे पाहिलं, मग पेंटरच्या नखांकडे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, हे मला लिहून घेता येणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

आठवड्यानं त्यांचाच निरोप आला. नव्या मालकांना हॉटेलचं नाव त्या पाटीवर, त्याच हातचं हवं होतं. जागा एकच मोकळी होती. पेंटर नाही म्हणाला नाही, नाही म्हणायला अंगात जोर लागतो. बायको जिन्याखाली भांडी पोत्यात भरत होती. त्यानं पातं घेतलं, त्या ओळीवर राहिलेला काळा डाग नेहमीसारखा लाकडापर्यंत खरवडला आणि हॉटेलचं नाव लिहायला घेतलं.