शेवट नांदेडला राहिला

लातुरात या वर्षी कुणाच्या टाकीत पाणी साचलं नाही, पण आमच्याकडे किस्से मात्र साचले! तीन बायका दर शनिवारी एकाच थेटरात, एकाच रांगेत बसल्या की दुसरं काय होणार? मी हे किस्से रूमवर सांगितलेत, ऑफिसात सांगितलेत, नांदेडला घरी सांगितलेत. लोक हसतात. मीही हसायचे. हल्ली सांगता सांगता मधेच कसंतरी होतं.

पहिल्यांदा कसंतरी झालं ते एका सोमवारी. शनिवारी पाहिलेला पिक्चर डाकूंचा होता. घोडे, धूळ आणि बंदुका, बाकी काही नाही. शकू नेहमीप्रमाणे शेवटाआधी उठून गेली होती. म्हणून मी विचारलं, "सांगू का शेवट? डाकू सापडला की नाही?"

तिनं टाइपरायटरवरून बोटं उचलली नाहीत. म्हणाली, "डाकूचं र्‍हाऊ दे. त्या सुनेला घरात घेतलं का?"

त्या पिक्चरमध्ये एक सून होती, हेच मला आठवेना!

*

आम्ही तिघी कोण, ते आधी सांगते.

जिल्हा नवा झाला तेव्हा ऑफिसं रातोरात उभी राहिली. आमचं ऑफिस एका भाड्याच्या इमारतीत. शिक्के आले, फायली आल्या, साहेब आले, खुर्च्या मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिल्या. पहिले चार महिने मी फायलींच्या गठ्ठ्यावर बसून काम केलं. मी मंगल, नांदेडची, बी.ए. झालेली. मागून कुणी नुसतं खोकलं तरी दचकणारी.

हेडक्लार्क वाघमारेबाई. त्यांच्या घराण्यात शाळा शिकलेली पहिली बाई त्याच. त्यांच्या पुढ्यात साहेबसुद्धा हळू बोलतात. शनिवारी अर्धा दिवस झाला की त्या टेबल आवरून उठायच्या आणि म्हणायच्या, "चला गं. आठवड्यातून एकदा तरी खुर्चीवर बसू!"

आम्ही थेटरात जायला लागलो ते असं. खुर्चीसाठी!

तिसरी शकू. रोजंदारीवरची टायपिस्ट. मुरुडला भावाकडं राहायची आणि रोज एसटीनं ये-जा करायची. सासर हदगावकडच्या एका खेड्यात. तिथून दोन वर्षांपूर्वी ती निघून आली होती आणि नवऱ्याची पत्रं यायची, परत ये म्हणून. ती उभ्यानं वाचायची आणि पर्समध्ये ठेवायची. जावं की न जावं, हे काही तिचं ठरत नव्हतं.

एकदा वाघमारेबाईंनी सरळच विचारलं, "मारायचा का गं?"

शकूनं जरा आठवून पाहिलं. म्हणाली, "रोज न्हाई."

*

यंदाच्या उन्हाळ्यात एक पिक्चर लागला होता. त्यात नायिका पावसात भिजत अख्खं एक गाणं नाचते. माझं मत विचाराल तर गाणं टाकाऊ होतं. चाल नाही, अर्थ नाही. पण बायकांच्या बाजूला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! टँकर चौथ्या दिवशी येत होता. सगळ्या जणी नायिकेकडं नाही, तिच्या पायाशी वाहणाऱ्या पाण्याकडं बघत होत्या.

दुसरं कडवं सुरू झालं तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभीच राहिली. पडद्याकडं हात करून ओरडली, "आगं, बादली तरी ठिवा की खाली कुनीतरी!"

*

भुताच्या पिक्चरला मी जाणार नव्हते. वाघमारेबाईंनी नेलं. "भूत बघायला काय घाबरायचं? ऑफिसात रोज बघतोच की!"

अंधार झाला, संगीत सुरू झालं, दार करकरलं आणि मी किंकाळी फोडली. थेटर हादरलं. मागे एक लेकरू रडायला लागलं. दारावरचे चाचा बॅटरी घेऊन धावत आले. म्हातारे, दाढीवाले, बायकांच्या बाजूचा बंदोबस्त त्यांच्याकडं. बॅटरी माझ्या तोंडावर मारून म्हणाले, "क्या हुआ बेटी? भूत तो अब्बी आयाच नै! इंटरवल के बाद है."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. भीती वाटली की डोळे गच्च मिटायचे, कान दाबायचे आणि लोक उठले की उघडायचे. माझे अर्धे पिक्चर असे गेलेत. तरी मतं मात्र सगळ्यांवर आहेत!

*

शकूचं वेगळंच. साडेपाचची मुरुडची गाडी चुकवायची नाही, अशी भावाची ताकीद होती. पिक्चर सुटायचा पावणेसहाला. सव्वापाच झाले की ती रांगेतून वाकून बाहेर पडायची. आयुष्यात तिनं एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. शेवट सोमवारी मी सांगायचे.

एका पिक्चरमध्ये दोन भावंडं होती आणि शेवटी भाऊ मरतो. अगदी रडका पिक्चर. लांबवलेला. सोमवारी शकू विचारते, "वाचला न्हवं?"

त्या दिवशी भावाशी भांडून आली होती. डोळे सुजलेले. मी म्हणाले, "वाचला."

मग सवयच लागली. आंधळी झालेली बघायला लागली, तुरुंगातला सुटला, सोडून गेलेला परत आला. शकूचा चेहरा उजळायचा आणि दिवसभर टाइपरायटर कसा खडखड वाजायचा!

वाघमारेबाई एकदा चहा पिता पिता ऐकत होत्या. ती उठून गेल्यावर मला म्हणाल्या, "मंगल, तू कोणत्या थेटरात बसतीस गं? आमच्या थेटरात तर सगळे मेले!"

*

मग तो सुनेचा पिक्चर आला.

सासरहून निघून आलेली एक मुलगी. नवरा न्यायला येतो, पाया पडतो, चुकलो म्हणतो. ती जाते. इथवर पिक्चर बरा होता. नटी जरा जास्त रडते, पण बरा. शकू पुढं सरकून बसली होती. त्या दिवशी तिनं भावाचे हातपाय जोडून आठच्या गाडीची परवानगी काढली होती. पहिल्यांदाच शेवट बघणार होती.

सून सासरच्या दारात उभी. सासू आतून येते. आणि पडदा पांढरा!

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिट्ट्या, आरडाओरडा. शेवटी चाचा पडद्यासमोर येऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "रील का आखरी डब्बा एसटी में आयाच नै. शेवट नांदेड में रह गया. जिनको देखना है, नांदेड जाव!"

लोकांनी खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मालकानं पिक्चरच उतरवला.

सगळं ऑफिस या किश्शाला हसलं. शकू हसली नाही. तिनं मला गाठलं आणि म्हणाली, "तू नांदेडला चाललीस न्हवं शनिवारी? तिथं लागलाय म्हनं. बघून ये. मग मी ठरवते."

"काय ठरवतेस?"

"जायचं का न्हाई ते."

मी म्हणाले, "अगं, पिक्चरवरून कुणी असं ठरवतं का?"

"मग कशावरून ठरवू?" शकू म्हणाली. "भावाला विचारलं तर जा म्हनतो. वहिनी तर न विचारता म्हनते. तूच सांग, कुनाला विचारू?"



*

नांदेडला मी आईला घेऊन गेले. सून दारात उभी राहते तिथून पुढं मी एकटक बघत होते. सासू तिला आत घेते. गोड बोलते. मग स्वयंपाकघर दिसतं. सून ओट्याशी पाठमोरी उभी. बाहेरून कुणीतरी हळूच दाराला कडी घालतं. संगीत थांबतं.

मी डोळे मिटले. कान दाबले.

उघडले तेव्हा दिवे लागले होते. बायका डोळे पुसत बाहेर पडत होत्या. मी आईला हलवलं, "आई, काय झालं शेवटी?"

आई जांभई देत म्हणाली, "मला काय माहीत? मी तर केव्हाच झोपले. पंखा किती छान होता गं!"

शेजारच्या बाईला विचारता आलं असतं. विचारलं नाही. चांगल्या शेवटालाही बायका डोळे पुसतात, असं मी स्वतःला सांगितलं. लातूर येईपर्यंत सांगत राहिले.

*

सोमवारी ऑफिसात आले तर शकूच्या टाइपरायटरपुढं एक गृहस्थ बसलेले. जुन्या जिल्ह्यातून कायम माणूस हजर झाला होता! स्वतःची खुर्ची घेऊनच आले होते, त्यावरूनही ऑफिस हसलं. कायम माणूस आला की रोजंदारीवाला घरी, हा नियम.

शकू व्हरांड्यात उभी होती. पिशवी भरलेली. मला बघून एवढंच म्हणाली, "नांदवलं का तिला?"

मला 'मी पाहिलं नाही' म्हणता आलं असतं. तीनच शब्द. पण तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं उजळणं यायला सुरुवात झाली होती.

"हाव," मी म्हणाले. मी कधी 'हो'ला हाव म्हणत नाही. आणि वर जोडलं, "सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला."

शकूनं माझा हात घट्ट दाबला. त्याच आठवड्यात नवरा येऊन तिला हदगावकडं घेऊन गेला.

*

दीड महिन्यानं तो पिक्चर आमच्याकडं परत लागला, सगळ्या डब्यांनिशी. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. वाघमारेबाई एकट्याच गेल्या.

सोमवारी त्यांनी मला फायलींच्या खोलीत बोलावलं. चष्मा काढून हातात धरला होता. "मंगल, शकूला काय शेवट सांगितलास तू?"

मी सांगितलं.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. "जाळतात गं तिला," म्हणाल्या. "बाहेरून कडी लावून."

दीड महिन्यात शकूची दोन कार्डं आली होती. दोन्हीत 'मी खुशाल आहे' एवढंच. आणि दोन्हींवरचं अक्षर तिचं नव्हतं! ते मी ओळखलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते.

"चल," वाघमारेबाईंनी चष्मा घातला. "तार ऑफिसात."

*

शकूच्या सासरच्या गावात एकच फोन, पोस्टातला. आम्ही पी.पी. कॉल लावला. म्हणजे पोस्टमास्तर ज्याचं नाव सांगू त्या माणसाला घरून बोलावून आणतो. सोमवारी लाइन मिळाली नाही. मंगळवारी घंटा वाजत राहिली, उचलला कुणी नाही. बुधवारी पोस्टमास्तर म्हणाले, "निरोप धाडला होता, घरच्यांनी सांगितलं बाई कामात हाय." गुरुवारी पुन्हा तेच. रोज आम्ही दोघी तार ऑफिसच्या बाकावर. ऑपरेटरनं दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं तरी मी दचकून उभी राहायचे. शेजारचे एक काका वाघमारेबाईंना म्हणाले, "पोरीचा निकाल आहे का काही?"

"हाव," वाघमारेबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी ऑपरेटर ओरडला, "हदगाव! बोला, बोला, आल्यात!"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "शकू? शकू, मी मंगल. ऐक, तीनच मिनिटं आहेत. तो शेवट मी खोटा सांगितला. मी पाहिलाच नव्हता, मी डोळे मिटले होते. तसा नाहीये तो. तू ऐकतेस ना? तिकडं थांबू नकोस..."

तारेत खरखर झाली. मग शकूचा आवाज आला, अगदी सावकाश, जवळ कुणीतरी उभं असल्यासारखा.

"ठाव हाय मंगल. मागल्या बाजारच्या दिवशी बघितला मी हदगावात, तंबूच्या थेटरात. ह्यांनीच नेलं होतं. म्हनले, आज मधी उठायचं न्हाई, पार शेवटापर्यंत बघायचं."